शेजाऱ्यांची प्रशासकीय न्यायालये आणि आपण

सरकारी अधिकाऱ्याचा हुकूम चुकीचा वाटला, तर दाद मागायची कोणाकडे? आपल्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न ‘प्रशासकीय न्यायाधिकरणांचे गुणदोष सांगा’ अशा रुक्ष स्वरूपात येतो, आणि आपण पाच गुण व पाच दोष लिहून मोकळे होतो. पण हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. आपल्यापैकी कितीतरी मित्रमैत्रिणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करीत आहेत. उद्या नोकरी लागल्यावर बदली, बढती, निलंबन यांच्या निमित्ताने त्यांना ‘मॅट’ची पायरी चढावी लागेल. उरलेल्यांना सातबारा, रेशनकार्ड आणि दाखले यांच्यासाठी कचेरीचे हेलपाटे आहेतच. दोघांनाही दाद मागायची आहे ती एकाच सरकारविरुद्ध. पण दोघांसाठी दरवाजे मात्र सारखे नाहीत. असे का व्हावे, याचा शोध घ्यायचा तर शेजारच्या घरांत डोकावून पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

या विषयाचा श्रीगणेशा आपल्याकडे नेहमी फ्रान्सपासून होतो. नेपोलियनने १७९९ साली ‘कौन्सेय द एता’ ही राज्य परिषद स्थापन केली. आरंभी ती सरकारला केवळ सल्ला देत असे. १८७२च्या कायद्याने तिला स्वतःच्या अधिकारात निर्णय देण्याचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी बोर्दो शहरातील सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीने जखमी झालेल्या एका लहान मुलीच्या खटल्यातून राज्याच्या जबाबदारीचा निराळा कायदा उभा राहिला. उलट इंग्लंडच्या डायसीने १८८५ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पंतप्रधानापासून पोलीस शिपायापर्यंत सर्वांना एकच कायदा आणि एकच न्यायालय हवे. सरकारसाठी वेगळे न्यायालय म्हणजे कायद्याच्या राज्याला तडा. हा वाद आपण वर्गात ऐकतो आणि वहीत उतरवून घेतो.

परंतु ज्या इंग्रजांनी डायसीचे तत्त्व मायदेशी मिरवले, त्यांनी ते येथे पाळले का? १७८१च्या कायद्याने कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाला महसुलाच्या प्रकरणांत हात घालण्यास मनाई झाली. आपल्या मुंबई इलाख्यात १८७६च्या महसूल अधिकारिता कायद्याने जमीन महसुलाच्या बहुतेक बाबी दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवल्या. याचा सरळ अर्थ असा की, सारा ठरविणारा कलेक्टर आणि त्याविरुद्ध गाऱ्हाणे ऐकणारा त्याचाच वरिष्ठ. मारणाराही तोच आणि रडगाणे ऐकणाराही तोच! फ्रान्समध्ये वेगळे न्यायालय होते, इंग्लंडमध्ये सर्वांना सामाईक न्यायालय होते. आपल्या वाट्याला मात्र या बाबतीत दोन्ही आले नाही. १९४१ साली आयकर अपील न्यायाधिकरण आले, तेव्हा कुठे प्रशासनाच्या निर्णयावर प्रशासनाबाहेरच्या तज्ज्ञ मंडळाने निवाडा देण्याची वाट थोडीशी रुळली.

म्हणून तुलना करायची तर ती पॅरिसशी करण्यापूर्वी इस्लामाबाद, ढाका आणि कोलंबो यांच्याशी करावी. ही मंडळी एकाच जुन्या वाड्यातून वेगळी झालेली भावंडे आहेत. फाइली त्याच, कलेक्टर तोच, आणि ‘सरकारची मर्जी असेपर्यंत नोकरी’ हे तत्त्वही तेच. १९३५च्या कायद्याने नोकराला काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन सरकारवर घातले होते. हाच वारसा घेऊन सगळे वेगळे निघाले. मग कोणी काय केले?

पहिले पाऊल टाकले पाकिस्तानने. १९७३च्या संविधानातील २१२व्या अनुच्छेदाचे शीर्षकच ‘प्रशासकीय न्यायालये आणि न्यायाधिकरणे’ असे आहे. त्याच वर्षी सेवा न्यायाधिकरण कायदा झाला आणि १९७४ पासून संघीय न्यायाधिकरणाचे काम सुरू झाले. प्रांतांनीही आपापली न्यायाधिकरणे काढली. येथवर कौतुक वाटते. पण याच सुमारास भुट्टो यांच्या सरकारने नोकरशाहीची फेररचना केली, आणि आधीच्या संविधानांत सरकारी नोकरांना जे घटनात्मक संरक्षण होते ते नव्या संविधानातून गळाले. आपल्याकडे ३११व्या अनुच्छेदात ते आजही आहे. म्हणजे पाकिस्तानने नोकराच्या हातातली ढाल काढून घेतली आणि बदल्यात त्याला न्यायाधिकरणाचा पत्ता दिला. त्यातही न्यायाधिकरणाकडे सोपविलेल्या विषयांत इतर न्यायालयांना दार बंद झाले. १९७३च्या रचनेत न्यायाधिकरणावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, आणि तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असेल तरच व त्या न्यायालयाने परवानगी दिली तरच. उच्च न्यायालयाची मधली पायरी काढूनच टाकली.

या न्यायाधिकरणावर बसणार कोण, हा प्रश्न पाकिस्तानात बराच काळ लोंबकळत राहिला. अखेर २०१३ साली रियाज-उल-हक यांच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही न्यायाधिकरणे न्यायदानाचे काम करतात, म्हणून त्यांवरील नेमणुका सरन्यायाधीशांशी किंवा प्रांताच्या बाबतीत मुख्य न्यायाधीशांशी विचारविनिमय करूनच व्हायला हव्यात. स्थापनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी हे सांगावे लागले, यातच सारे आले.

भारतात ही कल्पना आली ती आणीबाणीच्या काळात. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘न्यायाधिकरणे’ हा नवा भाग संविधानात घातला गेला. त्यातल्या ३२३-अ अनुच्छेदात नोकरीविषयक वाद उच्च न्यायालयांकडून काढून न्यायाधिकरणांकडे देण्याची सोय होती. ज्या काळात न्यायालयांचे पंख कापण्याचे काम जोरात होते त्या काळात हे घडले, हे आपण विसरू नये. प्रत्यक्ष कायदा मात्र १९८५ साली झाला आणि त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘कॅट’, सुरू झाले. महाराष्ट्राचे न्यायाधिकरण १९९१च्या जुलैमध्ये आले; मुंबईत मुख्य पीठ आणि नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे खंडपीठे.

कायद्याची मूळ कल्पना चांगली होती, हे मी मनापासून मान्य करतो. ‘कॅट’मध्ये अर्जाची फी पन्नास रुपये, दिवाणी प्रक्रिया संहितेचे जोखड नाही, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली म्हणजे झाले, आणि अर्जदाराला वकिलाशिवाय स्वतः उभे राहता येते. पीठावर एक सदस्य न्यायक्षेत्रातला आणि एक प्रशासनातला. सेवाज्येष्ठतेची यादी कशी तयार होते आणि गोपनीय अहवालातल्या एका शेऱ्याने माणसाची बढती कशी अडते, हे ज्याने आयुष्यभर फाइली हाताळल्या त्याला चटकन कळते. म्हणून प्रशासकीय सदस्य असूच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

प्रश्न आहे तो या सदस्यांना नेमणार कोण याचा. संपत कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना वगळणे मान्य केले. पण अट घातली की, पर्यायी संस्था उच्च न्यायालयाच्या तोडीची हवी आणि निवड सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीकडून व्हावी. दहा वर्षांचा अनुभव घेतल्यावर न्यायालयाने हा विचारही सोडला. १९९७ साली एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, उच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, तो काढून घेता येणार नाही. तेव्हापासून ‘मॅट’च्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे जाता येते. पाकिस्तानने जी मधली पायरी काढली ती आपण पुन्हा बसविली. यामुळे वेळ वाढला, ही तक्रार खरी आहे; पण उशिरा का होईना, तटस्थ माणसाकडे जाण्याचा मार्ग उघडा राहिला.

आता बांगलादेश. १९७२च्या संविधानातच ११७व्या अनुच्छेदात प्रशासकीय न्यायाधिकरणांची तरतूद होती. पण कायदा होण्यास १९८१ साल उजाडले आणि काम १९८२ साली सुरू झाले. गंमत पाहा, तरतुदीपासून कायद्यापर्यंत पोचायला आपल्यालाही नऊ वर्षे लागली आणि त्यांनाही नऊच! तिथला साचा मात्र वेगळा आहे. न्यायाधिकरणात एकच सदस्य, आणि तो जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचा. त्यावर तिघांचे प्रशासकीय अपील न्यायाधिकरण. त्यात प्रशासनातल्या माणसाला जागा आहे. पुढे १९९१च्या दुरुस्तीने त्याच्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागात जाण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे आपण पहिल्याच पायरीवर न्यायाधीश आणि अधिकारी शेजारी शेजारी बसवले. बांगलादेशाने पहिली पायरी पूर्णपणे न्यायाधीशाकडे दिली. मला हा साचा अधिक सरळ वाटतो.

बांगलादेशच्या अपील विभागाने १९९२ साली मुजीबुर रहमान प्रकरणात (हे गृहस्थ त्या देशाच्या राष्ट्रपित्याहून वेगळे) आपल्या आणि त्यांच्या व्यवस्थेतला फरक नेमका दाखवून दिला. आमची न्यायाधिकरणे उच्च न्यायालय विभागाचा पर्याय नाहीत. एखादा कायदाच संविधानाविरुद्ध आहे की काय, हे ठरविणे त्यांचे काम नव्हे, असे त्या न्यायालयाने म्हटले. शेजारच्या देशाने आपल्या ३२३-अ अनुच्छेदाकडे पाहून आपली जागा ठरवावी, आणि आपण चंद्रकुमार प्रकरणात पाच वर्षांनी अंशतः त्याच दिशेला वळावे, हे मला फार बोलके वाटते. कायद्याच्या विचाराला कुंपणे अडवीत नाहीत.

श्रीलंकेने उशिरा पण एक शहाणपणाची गोष्ट केली. २००१च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तेथे प्रशासकीय अपील न्यायाधिकरण आले. त्याचा कायदा २००२ साली झाला. या न्यायाधिकरणाला लोकसेवा आयोगाचा हुकूम बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार दिला गेला. मुख्य म्हणजे त्याची नेमणूक मंत्रिमंडळाने नव्हे, न्यायिक सेवा आयोगाने करायची असे संविधानातच लिहिले गेले. जी गोष्ट पाकिस्तानात आणि आपल्याकडे न्यायालयांना निकालांमागून निकाल देऊन सांगावी लागली, ती तिथे एका वाक्यात बसली.

आपल्याकडे हा झगडा किती लांबला, ते पाहण्यासारखे आहे. २०२१च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या सदस्यांना चार वर्षांची मुदत आणि पन्नास वर्षांची किमान वयोमर्यादा घालणाऱ्या वटहुकमातील तरतुदी रद्द केल्या. दुसऱ्याच महिन्यात संसदेने जवळजवळ त्याच तरतुदी कायद्याच्या रूपाने पुन्हा आणल्या. त्याही २०२५च्या नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने रद्द ठरवल्या. सरकार हे देशातील सर्वांत मोठे पक्षकार. सामन्यातल्या एका संघाने पंचाची नेमणूक, मुदत आणि पगार ठरवावा असे क्रिकेटच्या मैदानावर कोणी म्हटले, तर आपण हसू. न्यायाच्या मैदानावर मात्र हे वर्षानुवर्षे चालू देतो!

आणि पंच आवडला नाही तर मैदानच बंद करण्याचीही सोय आहे. हिमाचल प्रदेशाने आपले न्यायाधिकरण २००८ साली बंद केले, २०१५ साली पुन्हा काढले आणि २०१९ साली पुन्हा बंद केले. ओडिशाचे १९८६ सालचे न्यायाधिकरण २०१९ साली बरखास्त झाले, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. ती प्रकरणे उच्च न्यायालयांकडे गेली, न्याय थांबला असे नाही. तरीही एका अधिसूचनेने जी संस्था उघडते व मिटते, तिला पाया आहे असे कसे म्हणावे?

येथवर मी बोललो ते सर्व सरकारी नोकराच्या न्यायाविषयी. आता माझा मुख्य मुद्दा. पाकिस्तान, भारत, बांगलादेश, श्रीलंका, चारही देशांनी ‘प्रशासकीय’ हे भारदस्त विशेषण ज्या संस्थांना लावले, त्या मुख्यतः नोकर आणि सरकार यांच्यातले वाद सोडवितात. नेपाळचे प्रशासकीय न्यायालयही याच पंगतीत बसते. फ्रान्समध्ये ज्याला बांधकामाचा परवाना नाकारला तो सामान्य माणूस प्रशासकीय न्यायालयात जातो. आपल्या उपखंडात ज्याने परवाना नाकारला तो कारकून, स्वतःची बदली झाली की जातो! नाव एकच, पण दार वेगळ्यासाठी उघडलेले.

नागरिकाने काय करायचे? माझ्या मामांच्या शेताच्या फेरफाराच्या नोंदीचे प्रकरण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. नोंदीवर हरकत आली, तहसील कचेरीत निकाल झाला, त्यावर प्रांतांकडे अपील, तिथून अपर जिल्हाधिकारी, तिथून आयुक्त, आणि मग मंत्रालयाकडे जाण्याचा सल्ला. ती कचेरी कुठली हे सांगण्याचे कारण नाही. कारण दोष एका कचेरीचा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिने आखलेली ही शिडी आहे, आणि तिच्या पायऱ्या त्याच खात्याच्या. महसूल न्यायाधिकरण आपल्याकडे आहे, पण त्याची कक्षा मुख्यतः कूळकायद्यासारख्या ठराविक कायद्यांपुरती. १८७६ सालच्या मुंबई इलाख्यातून आपण किती पुढे आलो, हा प्रश्न मामांच्या फाइलीची जाडी पाहिली की माझ्या मनात येतो.

कोणी म्हणेल, नागरिकासाठी २२६व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालय आहेच. आहे खरे. पण उच्च न्यायालय सहसा वस्तुस्थितीच्या वादात शिरत नाही. बांध कुणाचा आणि ताबा कुणाचा, हे रिट अर्जात ठरत नाही. शिवाय गावाकडच्या माणसाला मुंबईचा वकील परवडतो का? ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. लोकायुक्त आहेत, असेही कोणी म्हणेल. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून या बाबतीत देशाला वाट दाखविली, याचा अभिमान मलाही आहे. पण लोकायुक्त शिफारस करतात, हुकूम रद्द करीत नाहीत. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा दाखला वेळेत मिळवून देण्यापुरता उपयोगी आहे. तिथेही पहिली दोन अपिले त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे. शेजारी पाकिस्तानात १९८३ साली ‘वफाकी मोहतसिब’ ही संस्था सुरू झाली. संघीय खात्यांविरुद्ध सामान्य माणसाची तक्रार ती फी न घेता ऐकते. शेजाऱ्याचे चांगले ते चांगले म्हणायला आपली जीभ अडखळू नये.

आणखी एक आक्षेप आमच्याच वर्गातल्या चर्चेत निघाला होता: न्यायालये काय कमी आहेत, की आणखी एक काढायचे? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. नव्या पाटीने न्याय मिळत नाही. रिकाम्या खुर्च्यांनी तर मुळीच नाही. पण महसूल खात्यात अपिले ऐकण्याचे काम आजही चालूच आहे. प्रांत आणि आयुक्त आठवड्यातले काही दिवस न्यायाधीश होऊन बसतातच. दुष्काळाची बैठक, निवडणुकीची कामे आणि मंत्र्यांचा दौरा यांतून वेळ काढून ते सुनावण्या घेतात. तेच काम पूर्णवेळ माणसाकडे द्यावे, एवढेच मागणे आहे. यात अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. कामाची वाटणी चुकली आहे, इतकेच माझे म्हणणे.

चारही घरांकडे पाहून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. श्रीलंकेकडून घ्यावे ते नेमणुकीचे तत्त्व: जो पक्षकार आहे त्याच्या हाती निवड नको. बांगलादेशाकडून घ्यावे ते पहिल्या पायरीचे: सुरुवातीलाच न्यायाधीश समोर असावा, मग त्याच्या जोडीला जाणकार अधिकारी बसला तरी हरकत नाही. पाकिस्तानच्या अनुभवाचा धडा असा की, दुसरे दार बंद करून पहिल्या दाराची प्रतिष्ठा वाढत नाही. आणि आपले स्वतःचे चंद्रकुमार प्रकरणातले तत्त्व जपावे: शेवटी उच्च न्यायालय असलेच पाहिजे. या चार गोष्टी एकत्र करून निदान प्रत्येक महसुली विभागाच्या ठिकाणी नागरिकांसाठी एक प्रशासकीय न्यायालय असावे, आरंभी जमिनीच्या नोंदींची अपिले त्याच्याकडे द्यावीत, आणि त्याचे काम मराठीतून चालावे, असे माझे मत आहे. सातबारा मराठीत, हरकत मराठीत, साक्ष मराठीत. मग निकालच कशाला परक्या भाषेत?

लोकसेवा आयोगाच्या अभ्यासाला बसलेल्या माझ्या मित्रांना शेवटी एक सांगणे आहे. तुमच्यावर अन्याय झाला तर तुमच्यासाठी ‘मॅट’ आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण उद्या तुम्ही तहसीलदाराच्या खुर्चीत बसाल तेव्हा समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या हुकुमाविरुद्ध तुमच्याच खात्याच्या वरच्या मजल्यावर जावे लागेल, हे ध्यानात असू द्या. जो न्याय तुम्ही स्वतःसाठी हक्काने मागाल, तोच त्याच्यासाठीही मागायला तुम्ही तयार आहात का? याचे उत्तर परीक्षकाला द्यायचे नाही. पण ते आपल्यापैकी प्रत्येकाने द्यायचे आहे.